गरीपासून रॉडकडे: कोकणच्या खाडीमुखावर गरवण्याची सविस्तर तयारी

कोकणात गरवणे, म्हणजे गळाने मासे धरणे, नवे नाही. रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळलेला तंगूस (नायलॉनची दोरी), टोकाला शिशाचा तुकडा आणि एक गरी (गळाचा आकडा) एवढ्या सामानावर जेटीच्या कडेला बसून शेंगाळा किंवा ढोमा काढणारी माणसे आजही प्रत्येक बंदरात दिसतात, आणि महागडा रॉड घेऊन आलेल्या पाहुण्यापेक्षा त्यांच्या पिशवीत बहुधा जास्त मासे असतात. याचे कारण उघड आहे. पाणी कधी चढते, मासा कुठे थांबतो आणि गरी कशी बसते हे त्यांना ठाऊक असते. रॉड-रीळ घेऊन छंद म्हणून गरवू पाहणारा नवशिका मात्र दुकानात शिरताच रॉडपासून खरेदी सुरू करतो आणि उरलेल्या पैशांत गरी, लीडर (मुख्य दोरी आणि गरी यांच्यामधला दोरीचा तुकडा) आणि स्विव्हल (पीळ पडू न देणारी फिरती कडी) बसवतो. हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. मासा सुटतो तो बहुतेक वेळा दोरीच्या शेवटच्या हातभर भागात सुटतो, म्हणजे गाठ निसटते, लीडर घासून तुटतो किंवा गरी सरळ होते. म्हणून आधी मासा ठरवावा, मग जागा आणि वेळ, त्यानंतर गरी, आणि तिथून एकेक पायरी मागे येत शेवटी रॉड.

पुढील विवेचन रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील खाडीमुखे, त्यांवरचे पूल आणि लगतचे कातळ डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, काजळीच्या मुखाशी भाट्ये, कर्लीच्या मुखाशी देवबाग आणि गोव्याच्या सीमेवरची तेरेखोलची खाडी ही या प्रकारच्या पाण्याची परिचित उदाहरणे आहेत. मुंबई-रायगडच्या खाड्यांनाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात. तिथे पाणी अधिक गढूळ असते, इतकाच मोठा फरक.

मासा आणि त्याची जागा

खाडीमुखावर रॉडवाल्यांना ज्याची सर्वाधिक ओढ असते तो जिताडा. सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे यालाच चोणक म्हणतात. तो पाठलाग करून दमवणारा मासा नाही. खारफुटीच्या मुळांशी, पुलाच्या खांबाच्या सावलीत किंवा दोन प्रवाह मिळतात त्या कडेला तो दबा धरून थांबतो आणि समोरून जाणारी कोळंबी किंवा बोय मासा एका झटक्यात आत ओढतो. त्याचे दात बारीक, कानशीच्या पृष्ठभागासारखे खरखरीत असतात आणि कल्ल्यांच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. लीडर जाड का हवा, याचे कारण या दोन गोष्टींत आहे.

तांबोशीचा स्वभाव वेगळा. ती कातळाच्या कपारीत, बुडालेल्या ओंडक्यापाशी किंवा जुन्या धक्क्याच्या दगडांत राहते, आमिष घेते आणि त्याच क्षणी वळून घरात शिरते. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तिला अडवता आले नाही, तर दोरी दगडावर घासून तुटते. वाळूच्या उथळ पट्ट्यावर मुडदुशी मिळते. तिला लहान गरी आणि कोळंबीचा छोटा तुकडा पुरतो, आणि मुलांना गरवायला शिकवायचे असेल तर तिच्यापासून सुरुवात करणे सर्वांत सोपे. चिखलाच्या तळावर शेंगाळा असतोच, त्याला बोलवावे लागत नाही. कातळाच्या खोल बाजूला हेकरू मिळतो, तर मुखाच्या बाहेरच्या अंगाला ऋतूप्रमाणे टोळ, रावस आणि बांगड्यांचे थवे येतात.

जागा पाहायची ती ओहोटीला. पाणी उतरलेले असताना खाडीच्या काठाने एक फेरी मारावी आणि भरतीला झाकले जाणारे खड्डे, चर, शिंपल्यांनी भरलेले खडक आणि वाहून आलेली झाडे लक्षात ठेवावीत. मोबाइलवर फोटो काढून ठेवल्यास अधिक चांगले. भरतीच्या वेळी सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली नेमके कुठे आमिष टाकायचे, हे या एका फेरीतून जितके कळते तितके कुठल्याही उपकरणातून कळत नाही.

पाण्याची वेळ

खाडीतला मासा वाहत्या पाण्यावर खातो. भरती पूर्ण भरून पाणी स्तब्ध झाले की चावा मंदावतो आणि ओहोटी लागून प्रवाह सुरू झाला की पुन्हा जागा होतो. खाडीमुखावर सामान्यतः भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला दीड-दोन तास हा उत्तम काळ समजावा. ओहोटीला खारफुटीतले पाणी चरांमधून मुख्य प्रवाहात उतरते, त्याबरोबर कोळंबी आणि लहान मासे बाहेर येतात, आणि जिताडा त्या चराच्या तोंडाशी येऊन थांबतो.

भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत आजही उपयोगी आहे. पंचांगातील तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी; येणारा आकडा म्हणजे मुंबईच्या आसपास पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. द्वादशीला नऊच्या सुमारास. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटीची वेळ निघते. हा अंदाज तासाभराने चुकू शकतो, आणि दक्षिणेकडे, म्हणजे मालवण-गोव्याच्या बाजूला, भरती मुंबईपेक्षा काहीशी लवकर येते. त्यामुळे निघण्यापूर्वी त्या बंदराचे भरतीचे वेळापत्रक पाहावेच. तरीही या रीतीतून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे पहाटे आणि सांजवेळी, जेव्हा उजेड मासेमारीला सर्वांत अनुकूल असतो, तेव्हा पाणी नेमके तळाला गेलेले असते. याउलट दशमी ते द्वादशीच्या दरम्यान सकाळी साडेसात ते नऊला भरती पूर्ण होते, त्यामुळे पहाटेचा अंधूक उजेड आणि चढते पाणी एकत्र मिळतात. सुट्टीचा दिवस निवडण्याची मुभा असेल, तर मी तिथी पाहून निवडतो.

उधाण आणि भांग यांतील फरकही लक्षात घ्यावा. मुंबईला उधाणात भरती आणि ओहोटीतील पाण्याच्या उंचीचा फरक चार मीटरच्या पुढे जातो, तर गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास राहतो. फरक जितका मोठा, तितकी प्रवाहाला ओढ जास्त आणि शिसेही जड लागते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या पुढे-मागे, प्रवाह मंद असतो आणि हलक्या लूरवर, म्हणजे कृत्रिम आमिषावर, काम भागते.

गरी, लीडर आणि स्विव्हल

गरीचे क्रमांक नवशिक्याला गोंधळात टाकतात. साध्या आकड्यांत अंक वाढला की गरी लहान होते, म्हणजे आठ क्रमांकाची गरी चार क्रमांकाच्या गरीपेक्षा लहान. मात्र तिरक्या रेघेपुढे शून्य असलेल्या आकड्यांत, उदाहरणार्थ १/०, ३/०, ५/०, अंक वाढला की गरी मोठी होते. मुडदुशीसाठी सहा ते आठ क्रमांक, शेंगाळा आणि ढोम्यासाठी १/० च्या आसपास, आणि जिताडा किंवा तांबोशीसाठी जिवंत आमिषावर ३/० ते ५/० पुरेशा होतात. आकार माशाच्या वजनावर नव्हे, तर आमिषाच्या आकारावर ठरवावा. गरीचे टोक आमिषाबाहेर मोकळे राहिले पाहिजे, एवढी एक गोष्ट सांभाळली तरी बरेच चावे वाया जात नाहीत.

जिवंत किंवा कापलेल्या आमिषासाठी मी आत वळलेल्या टोकाची सर्कल हुक सुचवतो. ती बहुतांशी माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसते आणि पोटात जात नाही, त्यामुळे सोडलेला मासा जगतो. तिच्याबाबत एकच पथ्य आहे: चावा जाणवल्यावर हिसका मारायचा नाही. दोरी ताणू द्यावी आणि संथपणे रीळ फिरवू लागावे. बाटलीवर तंगूस गुंडाळून गरवणाऱ्याला ही सवय लावणे कठीण जाते, कारण हिसका त्याच्या मनगटात मुरलेला असतो.

गरीच्या मागे लीडर. स्वच्छ पाण्यात फ्लोरोकार्बनचा लीडर कमी दिसतो आणि घासण्याला जास्त टिकतो. गढूळ खाडीत जाड, साध्या तंगुसाचा लीडरही तितकेच काम करतो आणि स्वस्त पडतो. जिताड्यासाठी ४० ते ६० पौंड (दोरी किती वजनाला तुटते तो आकडा), कातळावरच्या तांबोशीसाठी ५० ते ८० पौंड, आणि मुडदुशीसाठी १० ते १२ पौंड हे आकडे धरून चालावे. लांबी साधारण एक ते दीड मीटर ठेवावी. प्रत्येक माशानंतर लीडरवरून नख फिरवावे. जिथे खरखरीत लागेल तिथून तो कापून गाठ नव्याने बांधावी. कंटाळवाणे असले तरी हे टाळू नये.

स्विव्हल आणि स्नॅप (उघडझाप होणारी कडी) यांवर लिहिलेली ताकद पाहूनच ते घ्यावेत. लीडर ६० पौंडांचा आणि स्नॅप २० पौंडांचा अशी जोडी बाजारातल्या तयार पाकिटांत हमखास आढळते, आणि ती उघडली जाते ती मोठ्या माशावरच.

गाठी

मला विचाराल तर या छंदात पैशाने विकत घेता न येणारी हीच एक गोष्ट आहे. तीन गाठी नीट आल्या की पुरे होते.

पहिली, गरी किंवा स्विव्हल बांधण्याची युनी गाठ. लीडरचे टोक छिद्रातून घालून सुमारे वीस सेंटिमीटर बाहेर काढावे आणि मुख्य दोरीला समांतर धरावे. मोकळे टोक मागे वळवून एक वळसा तयार करावा, मग ते टोक त्या वळशातून, दोन्ही समांतर दोऱ्यांना गुंडाळत, फिरवावे. पातळ दोरीला पाच-सहा वेढे, ४० पौंडांच्या वरच्या जाड लीडरला तीन-चार वेढे. त्यानंतर गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी आणि हळूहळू आवळून छिद्राकडे सरकवावी. कोरडी गाठ झटक्यात आवळल्यास घर्षणाने दोरी तापते आणि तिथेच अशक्त होते; तुटलेल्या टोकावर कुरळे झालेले धागे दिसले की हेच घडले असे समजावे.

दुसरी, ब्रेडेड दोरी (बारीक धाग्यांची विणलेली मुख्य दोरी, थोडक्यात ब्रेड) आणि लीडर जोडण्याची गाठ. सुरुवातीला दुहेरी युनी वापरावी: दोन्ही दोऱ्यांची टोके एकमेकांसमोर धरून, प्रत्येकीची युनी गाठ दुसरीवर बांधून, दोन्ही गाठी एकमेकींकडे ओढायच्या. ब्रेडच्या बाजूला आठ वेढे, लीडरच्या बाजूला चार. ही गाठ थोडी जाड होते आणि रॉडच्या कड्यांतून जाताना अडखळते. सवय झाल्यावर एफजी गाठीकडे वळावे. तीत लीडर ताणून धरतात आणि ब्रेड त्यावर आलटून पालटून वर-खाली, वेणी घातल्यासारखी, सुमारे वीस वेळा गुंफली जाते, नंतर अर्ध्या गाठींनी तिला कुलूप लावतात. लीडर स्वतः वळत नसल्याने ही गाठ बारीक राहते आणि कड्यांतून सहज निसटते. मात्र ती वाऱ्यात, ओल्या हातांनी, कातळावर उभे राहून बांधणे सोपे नाही. घरी, खुर्चीत बसून, दोरीचे दुसरे टोक दाराच्या कडीला बांधून सराव करावा आणि निघण्यापूर्वी दोन-तीन लीडर आधीच जोडून ठेवावेत.

तिसरी, लूर बांधण्याची सैल फाशाची गाठ. लूर घट्ट बांधल्यास तिची हालचाल आखडते. छोटा फास ठेवला तर ती पाण्यात मोकळेपणी डुलते. तिच्याऐवजी चांगल्या ताकदीचा स्नॅप वापरला तरी हरकत नाही.

दोरी, रीळ, रॉड

मुख्य दोरी म्हणून आता बहुतेक जण ब्रेडच वापरतात. ती पातळ असल्याने लांब फेकली जाते आणि ताणली जात नसल्याने तळाशी झालेला हलका स्पर्शही हाताला कळतो. खाडीसाठी २० ते ३० पौंडांची, १५० ते २०० मीटर दोरी पुरेशी आहे. तिचा दोष एकच: दगडावर किंवा शिंपल्याच्या कडेवर ती क्षणात कापली जाते, म्हणूनच लीडर अनिवार्य. रिळाच्या गुळगुळीत स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळायच्या चाकावर, ब्रेड थेट गुंडाळल्यास ती ताणाखाली सगळीच गोल फिरते. तळाला आधी साध्या तंगुसाचे काही थर द्यावेत आणि त्यावर ब्रेड ओल्या फडक्यात दाबून, ताण ठेवून भरावी. स्पूलच्या काठाखाली दोन-तीन मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी. काठोकाठ भरली तर फेकताना दोरीचे झुबके सुटतात.

रीळ ४००० किंवा ५००० आकाराचे घ्यावे. त्यात किती बॉल-बेअरिंग आहेत यापेक्षा ड्रॅग (ताण वाढला की दोरी सोडणारी रिळातली पकड) सुरळीत सुटतो की झटके देत, हे दुकानातच दोरी ओढून तपासावे. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढा ठेवतात. ३० पौंडांच्या दोरीला साडेतीन ते साडेचार किलो. हा आकडा अंदाजाने ठेवू नये. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हाताचा वजनकाटा दोरीच्या टोकाला अडकवून, रॉड वाकवून, कोणत्या वजनाला दोरी सुटते ते पाहावे. तांबोशीच्या जागी ड्रॅग थोडा अधिक घट्ट ठेवावा लागतो, कारण तिला पळू देण्याची चैन तिथे परवडत नाही.

रॉड सर्वांत शेवटी. खाडीकाठ आणि जेटी यांसाठी आठ ते नऊ फूट, १५ ते ५० ग्रॅम फेकण्याच्या क्षमतेचा, मध्यम-जड प्रकारचा एकच रॉड पहिल्या दोन वर्षांना पुरून उरतो. उंच कातळावरून दहा फुटांचा रॉड सोयीचा, होडीतून सहा-सात फुटांचा. कड्यांच्या आतल्या चिनी मातीच्या रिंगा तडकलेल्या नाहीत ना, हे कापसाचा बोळा फिरवून बघावे. तडा असेल तर कापसाचे तंतू तिथे अडकतात.

तीन मांडण्या

सरकत्या शिशाची मांडणी खाडीच्या तळासाठी उत्तम. मधोमध भोक असलेले अंडाकृती शिसे मुख्य दोरीला जोडलेल्या लीडरमध्ये ओवावे, त्यामागे एक मणी, मग स्विव्हल. स्विव्हलच्या दुसऱ्या बाजूला ४५ ते ६० सेंटिमीटर लीडर आणि टोकाला गरी. मासा आमिष घेऊन निघाला की दोरी शिशातून सरकते आणि त्याला वजन जाणवत नाही. शिसे २० ग्रॅमपासून सुरू करावे आणि तळाला जेमतेम टिकेल इतकेच ठेवावे. हळूहळू सरकणारे आमिष एका जागी रुतलेल्या आमिषापेक्षा अधिक मासे शोधते.

कातळावर मात्र शिसे अडकणारच. तिथे स्विव्हलच्या जागी तीन कड्यांचा स्विव्हल वापरून शिसे एका वेगळ्या, १० पौंडांच्या बारीक तंगुसाने टांगावे. अडकले तर तो बारीक धागाच तुटतो आणि गरी, लीडर व मासा परत येतात.

बोयाची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेची, मांडणी जिवंत कोळंबीसाठी. दोरीवर एक सरकती अडथळ्याची गाठ, मग मणी, बोया, लहान शिसे, स्विव्हल आणि हातभर लीडर असा क्रम ठेवावा. गाठ वर-खाली सरकवून आमिष किती खोल राहील ते ठरते. खारफुटीच्या कडेने प्रवाहाबरोबर बोया वाहू द्यावा, दोरी सैल सोडू नये, आणि बोया बुडाला की आधी उसंत घेऊन मग ताण द्यावा.

तिसरी म्हणजे लूर. जिताड्यासाठी ९ ते १२ सेंटिमीटरची, मीटरभर खोल जाणारी मिनो (लहान माशाच्या आकाराची कडक लूर), किंवा १० ते २० ग्रॅमच्या जिगहेडवर (शिशाचे डोके जडवलेल्या गरीवर) लावलेला मऊ रबरी मासा, यांपासून सुरुवात करावी. सतत रीळ फिरवत राहणे ही सर्वसाधारण चूक आहे. दोन-तीन फेरे, मग थांबा. जिताडा पुष्कळदा त्या थांब्यावरच झडप घालतो. पहाटे कातळाच्या कडेला पाण्यावर फटफट आवाज करत जाणाऱ्या पॉपरवर तांबोशी उसळून येते, आणि बाहेरच्या खोल पाण्यात २० ते ४० ग्रॅमचे धातूचे जिग बांगड्यांच्या थव्यात चालतात. तयार लूरसोबत येणारे तिहेरी हुक स्वस्त प्रकारात सहज वाकतात. ते बदलावेत आणि बदलताना त्यांची काटेरी कड पक्कडीने दाबून टाकावी. मासा सोडवणे सोपे होते, आणि चुकून आपल्याच बोटात गेलेला हुक काढणेही.

आमिषाचा मान अजूनही जिवंत कोळंबीलाच आहे. तिच्या डोक्यावरील टोकदार शिंगाच्या मुळाशी, आतला काळसर ठिपका टाळून, गरी आडवी घालावी. तो ठिपका टोचला गेला तर ती लगेच मरते. बोय जिवंत लावायची असल्यास वरच्या ओठातून किंवा पाठीवरच्या पराच्या पुढे गरी घालावी. माकुलाच्या लांबट पट्ट्या गरीवर चांगल्या टिकतात आणि शेंगाळ्यांनी ओरबाडले तरी बराच वेळ शाबूत राहतात. आमिष स्थानिक पागवाल्याकडून (हाताने फेकायचे जाळे टाकणाऱ्याकडून) घ्यावे: ताजे मिळते, आणि पाणी कसे आहे याची बातमीही त्याच सौद्यात कळते.

मासा लागल्यावर

फेकल्यानंतर रिळाचा बेल (दोरी अडवणारी तारेची कमान) हाताने बंद करावा आणि दोरीला एक हलका ताण द्यावा; ब्रेडचे गुंते बहुधा इथेच टळतात. मासा लागला की रॉड पंचेचाळीस अंशांच्या आसपास ठेवावा. तो ताठ उभा केला तर टोकावर सगळा भार येतो आणि रॉड मोडतो. मासा पळत असताना रीळ फिरवू नये, कारण त्याने केवळ दोरीला पीळ पडतो. तो थांबला की रॉड उचलावा आणि खाली आणताना दोरी गोळा करावी. जिताडा पाण्याबाहेर उडी मारून डोके झटकतो; त्या क्षणी रॉड पाण्याकडे झुकवून दोरी सैल न सोडता ताण कमी करावा.

लीडर धरून मासा उचलू नये. दांड्याचे हातजाळे किंवा ओठ पकडणारा चिमटा वापरावा. जिताड्याच्या कल्ल्यांत बोटे घालणे म्हणजे टाके घालून घेणे. शेंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक विषारी काटा असतो, पाखटाच्या शेपटीवरही तसाच काटा असतो. हे मासे पक्कडीने धरून, गरजेनुसार लीडर कापून सोडावेत. काटा लागलाच तर ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश सेल्सिअसपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी, वेदना त्याने खरोखर उतरते. त्यानंतर काट्याचा तुकडा आत राहिला आहे का हे पाहण्यासाठी आणि धनुर्वाताच्या लसीसाठी दवाखान्यात जावे. फुगणारा केंड कितीही मांसल दिसला तरी खाऊ नये. त्याचे विष शिजवल्याने नाहीसे होत नाही. गरीला क्वचित समुद्री साप लागतो. तेव्हा दोरी दूरवरच कापावी, लूरचा मोह धरू नये.

कोणता मासा ठेवायचा, याबद्दल थोडे. जिताडा आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे फोटोत सर्वांत शोभणारा मासा हाच बहुधा अंडी देणारा असतो. जेवणापुरता मध्यम मासा ठेवून मोठा परत सोडावा, असे मी प्रत्येक सोबत्याला सांगतो. सोडताना त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरावे आणि तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत थांबावे. फार लहान मासेही सोडावेत. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे.

कातळ, पाऊस आणि नियम

कातळावर उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटे उंचावरून लाटा पाहाव्यात. लाटा एकसारख्या येत नाहीत. शांत काळानंतर तीन-चार मोठ्या लाटांचा गट येतो, आणि उभे राहायची जागा त्या गटानेही ओली होत नसेल तरच सुरक्षित समजावी. हिरव्या शेवाळावर पाय ठेवू नये. गमबूट टाळावेत, कारण पाण्यात पडल्यास ते भरतात. चढत्या पाण्यात मागची वाट बुडेल का, याचा हिशेब उतरण्यापूर्वीच करावा. एकट्याने रात्री कातळावर जाऊ नये, लाइफ जॅकेट घालावे, डोक्यावर विजेरी आणि डोळ्यांवर चष्मा असावा. हुकाची काटेरी कड कातडीखाली गेली असल्यास ओढाताण न करता दोरी कापून डॉक्टरांकडे जावे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. काठावरून गरवणारा त्यात मोडत नसला, तरी खवळलेल्या समुद्राकडे तोंड असलेले कातळ तेव्हा वर्ज्य समजावेत आणि फार तर खाडीच्या आतल्या भागात बसावे. मालवणच्या सागरी अभयारण्याची अधिसूचना १९८७ ची आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातले गाभा क्षेत्र त्यातच येते. तिथे गरी टाकण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी. बंदरांच्या जेटींवरही परवानगी विचारून घ्यावी. कोणाची जाळी लावलेली दिसली तर तिच्या जवळपास लूर फेकू नये: आपला छंद हा तिथल्या माणसाचा पोटाचा धंदा आहे. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणावा. वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, आणि त्यांच्या पायांत अडकणारी दोरी बहुधा अशीच सोडून दिलेली असते.

घरी आल्यावर, त्याच रात्री, रिळाचा ड्रॅग पूर्ण घट्ट करून त्यावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी. जोराच्या फवाऱ्याने मीठ आतल्या भागात ढकलले जाते. पुसून सावलीत वाळवल्यावर ड्रॅग पुन्हा सैल करून ठेवावा, नाहीतर त्यातल्या चकत्या दबून चिकटतात. रॉडची कडी आणि लूरचे हुक धुवावेत, आणि वापरलेले हुक कोरडे होईपर्यंत नव्या हुकांच्या डबीत टाकू नयेत. एका गंजलेल्या हुकामुळे आठवड्याभरात सगळी डबी तांबडी होते.